चाकास रंग देण्यापूर्वी

मनमाडहून औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे, जाणारा लोहमार्ग १९०० साली सुरू झाला. त्यापूर्वी वेरूळची लेणी पाहावयास निघालेला प्रवासी आगगाडीने नांदगावी उतरे व पुढची वाट टांग्यातून काढी. आमच्या गावी लोखंडी चाक सोडून लाकडी चाकावर बसावयाचे, असा तो काळ होता. त्या लाकडी चाकांची निगा सुतार-लोहारांच्या हाती असे. लोहार लोखंडी धाव लालभडक तापवी, ती चाकावर चढवी व लागलीच पाणी ओती. थंड होताना धाव आकसे आणि तुंबा, आरे व भोवतालचे लाकडी कडे ह्या सर्वांस आवळून धरी. पुढे उन्हाने लाकूड सुकले म्हणजे तीच धाव सैल होऊन खडखडू लागे. लाकडी चाकास तेल किंवा रंग देण्याचा हेतू केवळ शोभेचा नव्हता, हे ह्यावरून ध्यानी येईल.

आज आमच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या पुष्कळ मोटारींची व मोटारसायकलींची चाके अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. बाजारात त्यांस अलॉय व्हील म्हणतात. अशा चाकास घरी रंग कसा द्यावा, हा ह्या पाठाचा विषय होय. परंतु रंगाचा डबा हाती घेईपर्यंत पाठाचा निम्म्याहून अधिक भाग उलटून गेलेला असेल, हे प्रथमच सांगून ठेवितो.

आमच्या घरी एक जुनी मोटार आहे. तिच्या चाकांवरील चकाकी जागोजाग उडाली होती, कडांवर पांढरी भुकटी धरली होती, आणि एका चाकाची बाहेरील कड रस्त्याच्या कठड्यास घासून खरवडली गेली होती. दुकानदाराने नव्या चार चाकांची किंमत सांगितली ती ऐकून आम्ही निमूटपणे घरी परतलो व त्यांतील एक चाक स्वतःच रंगविले. चाक धुतले, पुसले, वर रुपेरी रंगाचा फवारा मारला. दोन दिवस आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यास ते चाक दाखवीत होतो. पहिलाच पावसाळा आला आणि तो रंग कांद्याच्या टरफलासारखा सुटून हाती आला. खालची धातू जशीच्या तशी होती. रंगाने तिला धरलेच नव्हते.

असे का झाले, ह्याचे उत्तर घरातील तांब्या-पितळेच्या भांड्यांपाशी सापडते. कल्हईवाला भांडे आधी वाळूने अगर राखेने घासतो, मग भट्टीवर तापवून त्यात नवसागराची पूड टाकतो, आणि मगच कथील फिरवितो. नवसागर कशासाठी? हवेतील प्राणवायूशी संयोग पावून धातूच्या अंगावर जो पापुद्रा धरलेला असतो, तो काढून टाकण्यासाठी. तो राहिला तर कथील धातूस चिकटत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे वर्तन ह्याहून अधिक चमत्कारिक आहे. त्याचा ताजा घासलेला पृष्ठभाग हवेस लागताक्षणीच त्यावर प्राणिदाचा एक अतिशय पातळ थर बनतो. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग करावे, त्यांपैकी चार-पाच भागांइतकीच त्याची जाडी! लोखंडाचा गंज फुगतो, भुसभुशीत होतो, गळून पडतो व खालच्या लोखंडास पुन्हा उघडे पाडतो. अ‍ॅल्युमिनियमचा हा थर मात्र अंगासरसा बसतो व खालच्या धातूचे रक्षण करतो. परंतु हाच रक्षक रंगास थारा देत नाही. त्यातून मळ, तेल व जुनी भुकटी वर असेल तर विचारावयासच नको. आमचा पहिला रंग धातूवर बसलाच नव्हता. तो धुळीवर बसला होता.

ही धातू माणसाच्या हाती विपुल येऊन फार दिवस झालेले नाहीत. १८८४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाच्या माथ्यावर तिचे लहानसे टोक बसविले गेले, तेव्हा ती मौल्यवान समजली जात असे. १८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्सात एरू ह्या दोघा तरुणांनी, एकमेकांस न ओळखता, विजेच्या योगाने ती शुद्ध करण्याची एकच रीत शोधून काढली आणि पाहता पाहता ती स्वयंपाकघरात आली. १९२४ साली बुगाटी नावाच्या शर्यतीच्या मोटारीस अ‍ॅल्युमिनियमची ओतीव चाके लाविली गेली. आता आपल्या पुणे जिल्ह्यातही अशी चाके ओतणारे कारखाने आहेत. चाकासाठी नेहमी वापरली जाणारी मिश्रधातू म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, त्यात शेकडा ७ च्या सुमारास सिलिकॉन, आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम. सिलिकॉनमुळे रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यांत पोचतो. ओतलेले चाक सुमारे ५४० अंश सेल्सियसपर्यंत तापवून पाण्यात विझवितात व पुढे १५० ते १७५ अंशांच्या मंद उष्णतेत काही तास मुरवितात. ह्या मुरविण्यानेच त्यास बळ येते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

चाक विटते कशाने? समुद्रकाठच्या गावांत खारी हवा असते. आमच्याकडे तिची बाधा नाही. आमच्याकडील वैरी निराळे. ब्रेक दाबताना लोखंडाचे तप्त कण उडून चाकाच्या अंगात रुततात. विंधनविहिरीच्या जड पाण्याने मोटार धुतली म्हणजे थेंब वाळून क्षाराचे डाग राहतात. काळ्या मातीचा चिखल आतल्या बाजूस बसून दिवसचे दिवस ओल धरून ठेवतो. चाकाचा तोल साधण्यासाठी कडेवर जी वजने चिमट्याने अडकवितात, ती वरचा लेप टोकरून काढतात व तेथूनच पाणी आत शिरून लेपाखाली कृमी चालल्यासारख्या पांढऱ्या रेषा उमटू लागतात. आणि सर्वांवर कडी म्हणजे आपली घाई! डाग लवकर निघावा म्हणून संडास धुण्याचे तेजाब चाकावर ओतणारे लोक आम्ही पाहिले आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवू नये, हे घरातील बायकांस पुस्तकावाचून ठाऊक असते, कारण आंबट पदार्थ ही धातू खातो. सोड्याचे तीव्र पाणीही तिला खाते. मग तेजाबाची काय कथा? चाक धुण्यास साधे साबणाचे पाणी, मऊ कुंचला व धीर एवढे पुरे. तारेचा ब्रश व लोखंडी काथ्या मुळीच वापरू नये; लोखंडाचे सूक्ष्म कण धातूत राहून मागाहून तांबूस डाग फुटतात.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही हे काम नव्याने हाती घेतले. मोटार सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढला, दुसऱ्या चाकांस पुढून-मागून दगड लाविले, व चाक जमिनीस टेकलेले असतानाच नट थोडे सैल केले. मग जॅक लावून चाक उतरविले. नुसत्या जॅकवर तोललेल्या मोटारीखाली हात किंवा डोके घालणे म्हणजे जिवाशी खेळ होय. मुलांनी हे काम वडीलधाऱ्यांवाचून करू नये.

धुतलेले चाक अंगणात ठेवून आम्ही पॉलिश पेपर घेऊन बसणार, इतक्यात शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांची हयात रेल्वेच्या नोकरीत गेलेली. त्यांनी चाक उभे केले, लाकडी मोगरीने त्याच्या कडेवर हलकेच ठोका दिला व कान लाविला. आम्ही पाहतच राहिलो. ते म्हणाले, “मास्तर, रंग मागाहून. आधी चाक काय म्हणते ते ऐका.”

पूर्वी मोठ्या स्थानकांवर गाडी थांबली की हातोडी घेतलेला एक मनुष्य डब्यांची चाके वाजवीत जात असे. अखंड चाक घणघणते, भेगाळलेले चाक बद्द वाजते. कुंभाराकडून मडके घेताना आपण तरी दुसरे काय करतो? आमच्या तीन चाकांनी स्वच्छ नाद दिला. चौथ्याचा नाद जरा आखूड वाटला. आम्हांस तो भास वाटला, परंतु त्या गृहस्थांस वाटला नाही. ते म्हणाले, “कानावर सोडू नका. खडू आणा.”

पुढे त्यांनी जी रीत दाखविली ती रेल्वेच्या कारखान्यांतील फार जुनी रीत आहे. चाकाचा संशयित भाग पॉलिश पेपरने उघडा करून त्यास रॉकेल चोपडावे (हल्ली रॉकेल मिळेना, म्हणून आम्ही डिझेल घेतले) व काही तास तसेच राहू द्यावे. भेग केसाएवढी असली तरी तेल तीत शिरते. नंतर वरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, खडूची पूड स्पिरिटात कालवून तिचा पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, आणि लाकडाने हलके ठोके द्यावे. भेग असेल तर तीतील तेल वर येऊन पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. हे सर्व उघड्या हवेत व विस्तवापासून दूर करावे. बाजारात ह्याच कामासाठी तांबडे रंगद्रव व पांढरी पूड फवाऱ्याच्या डब्यांतून मिळते. ते ह्या घरगुती रीतीपेक्षा अधिक सूक्ष्म भेग दाखविते.

तीन चाके पांढरी स्वच्छ राहिली. चौथ्या चाकाच्या आतल्या अंगास, एका आऱ्याच्या मुळाशी, बोटाच्या पेराएवढी लांब रेघ उमटली. ते चाक बाहेरून सर्वांत देखणे होते, आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही कौतुकाने रंगविले होते ते हेच! आम्ही त्याच्या पुढच्या बाजूस तीन हात रंग दिला आणि मागे एकदाही वाकून पाहिले नाही. त्याच चाकावर आम्ही घरातील मुलांसह देवगावच्या वाटेने वेरुळास जाऊन आलो होतो. ती रेघ पाहून कोणी काही वेळ बोलले नाही.

भेग ही खरचटण्याहून निराळ्या जातीची गोष्ट आहे. कडेचे खरचटणे वरचेवर असते, ते आहे तेवढेच राहते. भेग वाढते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आऱ्यावर भार येतो व उतरतो. लहान मोटारीचे चाक एका किलोमीटरात साडेपाचशेहून अधिक फेरे घेते. म्हणजे नांदगावहून वेरुळास जाऊन येईपर्यंत ती भेग पन्नास हजारांहून अधिक वेळा उघडली व मिटली असली पाहिजे. पातळ तार मागे-पुढे वाकविताना कोणत्या वेळी तुटेल हे सांगता येत नाही, तसेच हे. आपल्या देशात मिश्रधातूच्या चाकांसाठी एआयएस-०७३ हे मानक आहे. त्याप्रमाणे नमुन्याच्या चाकास फिरवीत वाकविण्याचा ताण देतात, भाराखाली दीर्घकाळ गरगर फिरवितात, आणि त्याच्या कडेवर वजन पाडून आघात करतात. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ह्या संस्थेत वाहनांच्या अशा परीक्षा होतात. एवढ्या कसोटीतून गेलेल्या चाकाची भेग आपण लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवावी आणि वर रंग द्यावा, ह्याला काय म्हणावे? लांबीने भेग दिसेनाशी होते, सांधत नाही. काहीजण ती वितळजोडाने भरून घेतात. परंतु वर सांगितलेले मुरविण्याचे बळ जोडाच्या उष्णतेने त्या जागी नाहीसे होते. जोड दिसावयास धष्टपुष्ट आणि भोवतालची धातू मऊ, अशी अवस्था होते. जुना रंग लवकर निघावा म्हणून चाकावर ज्योत फिरवितात, त्यानेही हीच हानी होते. भेगाळलेले किंवा वाकलेले चाक घरी दुरुस्त करावयाचे नसते.

आता राहिलेल्या तीन चाकांकडे वळू. टायर दुकानात नेऊन उतरविला तर उत्तम. तसे न जमल्यास हवा सोडावी, टायरची कड दाबून थोडी आत घ्यावी, आणि टायर व चाक ह्यांच्या मध्ये सभोवार जाड पुठ्ठ्याचे तुकडे खोवावे. आम्ही ह्या कामी जुन्या लग्नपत्रिका वापरल्या. इतक्या उपयोगी त्या लग्नाच्या दिवशीही पडल्या नसतील.

घासण्याचे काम तासांचे नव्हे, दिवसांचे समजावे. पोळ्याच्या सणास शेतकरी बैलाची शिंगे आधी साळतो, मग हिंगूळ लावितो. तोच क्रम येथे. जुना लेप जेथे घट्ट आहे तेथे तो सगळा काढण्याची जरुरी नाही, त्याची चकाकी मारली म्हणजे झाले. जेथे सुटला आहे तेथे मात्र खणखणीत धातू लागेपर्यंत घासावे. खरवडलेल्या कडेस आधी २२० नंबरचा कागद, मग ३२०, शेवटी ४००. लेप शाबूत असेल तेथे व कडेचा रेघोटीपणा काढण्यास पाण्यात भिजवून वॉटर पेपर वापरावा; त्यामुळे धूळ उडत नाही. नाका-तोंडास फडके व डोळ्यांस चष्मा असावाच.

मग तेल काढणे. आमच्या चाकांवर तर डिझेल चोपडलेले! थिनरने भिजविलेले स्वच्छ मलमलीचे फडके एकदा फिरवावे व टाकून द्यावे. तेच फडके पुन्हा फिरविणे म्हणजे तेल एका जागेचे उचलून दुसऱ्या जागी नेणे होय. धातू स्वच्छ झाली की नाही हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. चाकावर स्वच्छ पाणी ओतावे. ते अखंड पदरासारखे पसरले तर ठीक. अळवावरच्या पाण्यासारखे त्याचे थेंब वळले, तर तेथे अजून तेल आहे. आमचे दुसरे चाक ह्या परीक्षेत तीनदा नापास झाले. तिसऱ्यांदा कारण कळले: आमच्यापैकीच एकजण जेवून आल्यावर ते हाताने चाचपून पाहत होता.

चाक पूर्ण वाळल्यावर जेथे रंग जाता कामा नये त्या जागा झाकाव्या. अशा जागा तीन: मोटारीच्या तुंब्यास चाक टेकते तो आतील सपाट भाग, नटांच्या बैठकी, व हवेच्या नळीचे भोक. नटाखाली रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो, झिजतो आणि नट आपोआप सैल पडतो. आम्ही ह्या बैठकींत शाडूचे गोळे बसविले व काठाशी कागदी चिकटपट्टी लाविली.

रंग कोणत्या दिवसांत द्यावा? आमच्या गावी वैशाखात फवारा धातूपर्यंत पोचण्यापूर्वीच हवेत वाळतो व पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. वर धुळीचे लोट येतात ते वेगळेच. पावसाळ्यात हवेतील ओल रंगात अडकून तो दुधी पडतो. कार्तिक-मार्गशीर्षातील दिवस, सकाळी दहाच्या पुढे, दव वाळल्यावर, वारा पडलेला असताना, ही वेळ आम्हांस सर्वांत चांगली वाटली. अंगणात तासभर आधी सडा घालावा म्हणजे धूळ बसते.

प्रथम अस्तर. अ‍ॅल्युमिनियमसाठी जे खास अस्तर मिळते, ज्यास दुकानात एच प्रायमर म्हणतात, त्यात सौम्य आम्ल असते. ते प्राणिदाच्या थरास किंचित खाऊन धातूस पकडते. कल्हईवाल्याचा नवसागर तो हाच समजा. घासणे व पुसणे आटोपल्यावर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, हे अस्तर द्यावे. डबा दोन मिनिटे हलवावा, वीतभर अंतरावर धरावा, फवारा चाकाच्या बाहेर सुरू करावा व बाहेरच थांबवावा. हात सारखा चालता असावा. आधी आऱ्यांच्या आतल्या बगला, मग कडा, शेवटी दर्शनी भाग. पहिला हात इतका विरळ असावा की खालची धातू दिसत राहील. उतावळा मनुष्य पहिल्याच हातात सर्व झाकू पाहतो आणि रंगाचे ओघळ आणतो. आम्ही तसे दोन ओघळ आणले. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावी. अस्तर वाळल्यावर ६०० नंबरच्या कागदाने अगदी हलके घासावे, पुसावे, मग रुपेरी रंगाचे तीन विरळ हात, व शेवटी पारदर्शक वार्निशाचे दोन किंवा तीन. अस्तर, रंग व वार्निश एकाच जातीची घ्यावी. भिन्न जातीची एकमेकांस सुरकुत्या पाडतात. दोन द्रव मिसळून तयार होणारे कठीण वार्निश अधिक टिकते खरे, परंतु त्याची वाफ फुप्फुसांस फार घातक असते. ते कारागिराच्या बंदिस्त खोलीचे काम, घराच्या अंगणाचे नव्हे.

वार्निश तासाभरात बोटास लागेनासे होते, पण आतून टणक होण्यास आठवडा लागतो. आम्ही दोन दिवस चाके सावलीत ठेवली, मग टायर बसवून तोल करून घेतला, आणि वजने चिमट्याची न घेता आतून चिकटविण्याची घेतली. नट एकाआड एक, ताऱ्याच्या आकाराने, मोटारीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळले. आठवडाभर मोटार धुतली नाही.

चौथ्या जागी जादा चाक लाविले आहे. ते लोखंडी व काळे असल्यामुळे मोटार एका बाजूने विजोड दिसते. भेगाळलेले चाक घेऊन आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. त्याने ते फिरवून पाहिले व म्हणाला, “साहेब, वजनावर कशाला देता? थोडी लांबी भरा, रंग मारा. हजार-दोन हजाराला कोणीही नेईल.” घरी परतून आम्ही ते चाक फळीवर आडवे धरले व लोखंड कापण्याच्या करवतीने त्याची कड दोन ठिकाणी आरपार कापली. ह्या कामास दोघांस अडीच तास लागले. दुसऱ्या दिवशी ते तुकडे वजनावर विकले. खनिजापासून नवे अ‍ॅल्युमिनियम काढण्यास जी शक्ती खर्चावी लागते तिच्या शेकडा ५ इतक्याच शक्तीत जुने वितळते, तेव्हा त्या धातूचे आणखी काही तरी होईल. सुमारे ८० किलोमीटर चालल्यावर उरलेल्या तिन्ही चाकांचे नट आम्ही पुन्हा तपासले. एक नट पाव फेरा फिरला.